लिनक्स डेस्कटॉपवर व्हीएम : कोणते सॉफ्टवेअर निवडावे आणि ते कसे सांभाळावे

अंत्रुजवासी (फोंडा)

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि माझ्या परिचयातील कितीतरी जणांनी आपले चालते संगणक भंगारात न काढता त्यांवर लिनक्स मिंट किंवा उबुंटू घातले. ब्राउझर, ईमेल, हिशेबाचे तक्ते, पत्रव्यवहार या कामांत कोणाचेच फारसे अडले नाही. अडते ते एखाद्याच सॉफ्टवेअरपाशी : कोणाचे करविवरणाचे, कोणाचे जुन्या मराठी फॉन्टवर चालणाऱ्या अक्षरजुळणीचे, तर कोणाचे प्रयोगशाळेतील यंत्रासोबत आलेले. त्या एकासाठी सगळा संगणक पुन्हा विंडोजवर नेण्यापेक्षा लिनक्सच्या आत एक व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, उभारावा हे सर्वांना पटते. मग त्यासाठीच्या सॉफ्टवेअरपैकी व्हर्च्युअलबॉक्स घ्यावे, व्हीएमवेअर घ्यावे की केव्हीएम, येथे गाडी थांबते. अनेकांनी हे मला व्यक्तिगत निरोपात विचारले, म्हणून सर्वांना उपयोगी पडेल असे येथे सविस्तर लिहितो.

या प्रश्नाचे उत्तर बहुधा वैशिष्ट्यांच्या तुलनेतून दिले जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा : आज रात्री कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, अद्ययावत झाला, तर उद्या सकाळी तुमची व्हीएम चालू राहील याची जबाबदारी कोणाची? डेस्कटॉपवर कर्नल वारंवार बदलतो, आणि व्हीएम सॉफ्टवेअरविषयीच्या तक्रारींपैकी पुष्कळशा त्या बदलाच्या दुसऱ्या दिवशीच्या असतात.

याचे कारण थोडे आत जाऊन पाहावे लागते. गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या आतील प्रणालीच्या, बहुतेक सूचना प्रत्यक्ष प्रोसेसरवरच चालतात. इंटेलची व्हीटी-एक्स आणि एएमडीची एएमडी-व्ही या सोयींमुळे ते शक्य होते. पण या सोयी हाताळण्याचा अधिकार फक्त कर्नलला असतो, त्यामुळे चांगल्या वेगाने चालणाऱ्या कोणत्याही व्हीएम सॉफ्टवेअरचा एक तुकडा कर्नलच्या आत बसवावा लागतो. केव्हीएमचा हा तुकडा फेब्रुवारी २००७ मध्ये आलेल्या २.६.२० या आवृत्तीपासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे. कर्नल बदलला की तोही सोबत बदलून येतो, आणि तो नीट चालतो आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कर्नल लिहिणाऱ्यांचीच असते. व्हर्च्युअलबॉक्सचा तुकडा आणि व्हीएमवेअर वर्कस्टेशनचे दोन तुकडे मात्र कर्नलच्या बाहेर लिहिले जातात आणि तुमच्या संगणकावर त्या-त्या कर्नलसाठी नव्याने जुळवून घ्यावे लागतात. डीकेएमएस नावाची व्यवस्था व्हर्च्युअलबॉक्सचा तुकडा आपोआप जुळवते, परंतु त्यासाठी कर्नलच्या हेडर फाइल, म्हणजे जुळणीसाठी लागणाऱ्या वर्णन-फाइल, हजर असाव्या लागतात. शिवाय सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेले तुकडे चालू न देणारी सोय, चालू असेल तर त्या तुकड्यावर स्वतःच्या किल्लीची सही करून ती किल्ली संगणक सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर नोंदवावी लागते. तो पडदा एकदाच येतो, आणि घाईत पुढे ढकलला की सही ग्राह्य धरली जात नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या कर्नलने यात आणखी एक गाठ घातली. त्या आवृत्तीपासून केव्हीएमचा तुकडा स्मरणात येताच प्रोसेसरची आभासीकरणाची सोय आपल्या ताब्यात घेतो. पूर्वी तो पहिली व्हीएम सुरू होईपर्यंत थांबत असे. हा तुकडा बहुतेक वितरणांत संगणक सुरू होतानाच येतो, त्यामुळे व्हर्च्युअलबॉक्सला व्हीटी-एक्स दुसऱ्याच्या ताब्यात सापडू लागले आणि व्हीएम उघडेनाशी झाली. उबुंटू २४.०४ वापरणाऱ्यांचा कर्नल ऑगस्ट २०२५ च्या सुमारास ६.११ वरून ६.१४ वर गेला, तेव्हा ही अडचण एकाएकी पुष्कळांच्या पुढ्यात आली. कर्नलच्या प्रारंभ-सूचनांत केव्हीएमची ती सवय बंद करणारी एक ओळ घातली किंवा केव्हीएमचा तुकडा उतरवला की काम पूर्ववत होते. तरीही ज्याला अक्षरजुळणी करायची आहे, त्याने कर्नलच्या प्रारंभ-सूचना का बदलत बसाव्यात, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

म्हणून माझा कौल केव्हीएमला. हे नाव तीन-चार वस्तूंच्या जुळणीसाठी सैलपणे वापरले जाते. प्रोसेसरचे काम केव्हीएम पाहते. डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा ही आभासी उपकरणे क्यूईएमयू पुरवते; फॅब्रिस बेलार्ड यांनी ते २००३ मध्ये प्रथम उपलब्ध केले. व्हीएमची व्याख्या जपणे आणि ती चालू-बंद करणे लिबव्हर्ट करते. डोळ्यांसमोरची खिडकी व्हर्ट-मॅनेजरची असते. उबुंटू आणि मिंटमध्ये व्हर्ट-मॅनेजर हे पॅकेज घेतले की बाकीचे मागोमाग येतात; आपले खाते लिबव्हर्टच्या गटात घालून एकदा लॉगआउट करून परत यावे. त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मांडणीत, आभासीकरणाची सोय चालू आहे ना, हे जरूर पाहावे. कित्येक तयार संगणकांत ती बंद ठेवलेली असते, आणि मग व्हीएम चालते पण गोगलगाईसारखी चालते. दोष सॉफ्टवेअरला दिला जातो.

ज्यांना इतकेही नको, त्यांच्यासाठी ग्नोम बॉक्सेस आहे. तेही आतून हेच सारे वापरते, फक्त निर्णय कमी विचारते.

कुळागर (डिचोली)

अंत्रुजवासी सर, इतके समजावून लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझा प्रश्न अगदी तुमच्या तिसऱ्या वाक्यातलाच आहे. आमचे अक्षरजुळणीचे छोटे काम आहे : जत्रोत्सवाच्या निमंत्रणपत्रिका, देवस्थानांच्या स्मरणिका, गावोगावच्या नाट्यप्रयोगांची हस्तपत्रके. गेल्या अनेक वर्षांच्या फाइल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहेत, आणि त्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात ते फक्त विंडोजवर चालते व त्याला यूएसबीचे कुलूप लागते. ते कुलूप लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही. युनिकोडमध्ये सारे नव्याने आणावे हे मलाही कळते, आणि नवे काम आम्ही तसेच करतो. परंतु एखाद्या देवस्थानची समिती मागच्या स्मरणिकेतील वीस पाने जशीच्या तशी हवीत म्हणते, तेव्हा जुनी फाइल उघडण्यावाचून गत्यंतर नसते.

संगणकात ८ जीबी रॅम आहे. तेवढ्यात हे निभेल का? कुलूप व्हीएमच्या आत दिसेल का? आणि सध्याची विंडोज, तिच्यातील सगळ्या मांडणीसह, जशी आहे तशी व्हीएममध्ये नेता येईल का? सॉफ्टवेअर नव्याने बसवण्याची तबकडी आता हाताशी नाही.

झुआरीकाठ (वास्को)

अंत्रुजवासी यांनी कर्नलचा मुद्दा उत्तम मांडला आहे आणि तो मला मान्य आहे. तरीही व्हर्च्युअलबॉक्सची बाजू कोणीतरी मांडायला हवी, कारण मी ते रोज वापरतो आणि विचारपूर्वक वापरतो. आमच्या गटात कोणी विंडोजवर, कोणी मॅकवर, तर कोणी लिनक्सवर काम करतो. एकाने तयार केलेली व्हीएम एका फाइलमध्ये बांधून दुसऱ्याला द्यावी आणि ती त्याच्याकडे त्याच खिडकीत, त्याच नावांच्या पर्यायांसह उघडावी, ही सोय केव्हीएम देऊ शकत नाही, कारण ते लिनक्सपुरतेच आहे. नव्या माणसाला समजावून सांगताना याचे मोल कळते. स्नॅपशॉटचे, म्हणजे व्हीएमच्या जतन केलेल्या स्थितींचे, झाड डोळ्यांसमोर दिसते, होस्टमधील, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या मूळ संगणकातील, फोल्डर गेस्टमध्ये दाखवणे दोन टिचक्यांचे काम आहे.

परवान्याविषयी मात्र सर्वांनी सावध असावे. मूळ सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली आहे. त्यावर बसणारा एक्स्टेन्शन पॅक मात्र वेगळ्या परवान्याखाली येतो. तो व्यक्तिगत आणि शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य असला, तरी व्यवसायात वापरायचा तर व्हर्च्युअलबॉक्सची मालक कंपनी ओरॅकल हिच्याकडून विकत घ्यावा लागतो. पूर्वी यूएसबी २ आणि ३ साठी तो पॅक लागायचा, म्हणून लोक सवयीने आजही तो बसवतात. ७.० या आवृत्तीपासून यूएसबीची ती सोय मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली आहे. कुळागरताईंसारख्या व्यावसायिक कामात पॅक बसवण्याचे कारण आता उरलेले नाही, तेव्हा बसवूच नये.

ज्यांना व्हर्च्युअलबॉक्सच हवे आहे, त्यांनी ते ओरॅकलच्या स्वतःच्या भांडारातून घ्यावे, म्हणजे नव्या कर्नलसाठीच्या दुरुस्त्या लवकर पोचतात. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तर ते पॅकेज ठेवलेलेच नाही, कारण सुरक्षाविषयक दुरुस्त्यांचा स्वतंत्र तपशील ओरॅकल जाहीर करत नाही आणि त्याशिवाय डेबियनला जुन्या आवृत्तीत दुरुस्ती करता येत नाही.

अंत्रुजवासी (फोंडा)

झुआरीकाठ, तुमच्या गटासाठी मीही व्हर्च्युअलबॉक्सच सुचवले असते. व्हीएम तीन निरनिराळ्या प्रणालींमधून फिरणार असेल, तर सगळ्यांकडे एकच खिडकी असणे मोलाचे आहे. माझा कौल एका जागी, एका कामासाठी, अनेक वर्षे चालवायच्या व्हीएमविषयी आहे.

कुळागरताई, आता तुमचे प्रश्न. ८ जीबीत हे निभते. गेस्टला ४ जीबी द्यावी, दोन कोअर द्यावेत, आणि व्हीएम चालू असताना होस्टवर ब्राउझरच्या खिडक्या बेताच्या ठेवाव्यात. शक्य झाल्यास रॅम १६ जीबी करून घ्यावी. जुन्या संगणकावर करण्यासारखा दुसरा कोणताही खर्च इतका कामी येत नाही. डिस्क मात्र एसएसडीच हवी.

कुलूप दिसेल. व्हर्ट-मॅनेजरमध्ये व्हीएमच्या तपशिलात हार्डवेअर जोडण्याच्या यादीत यूएसबी होस्ट उपकरणाचा पर्याय आहे. तेथे लावलेल्या उपकरणांची नावे दिसतात, त्यांतून कुलूप निवडावे. त्यानंतर व्हीएम चालू असेपर्यंत ते होस्टच्या हातून सुटून गेस्टच्या ताब्यात जाते. येथे दोन बारकावे लक्षात ठेवावेत. कुलूप लावलेले नसताना व्हीएम सुरू केली तर लिबव्हर्ट ती सुरू करण्यास नकार देते, कारण जोडलेले उपकरण अनिवार्य आहे असे ते गृहीत धरते. व्हीएमच्या व्याख्येच्या एक्सएमएल फाइलमध्ये त्या उपकरणाचे प्रारंभ-धोरण ऐच्छिक असे केले की ही अडवणूक थांबते. दुसरे असे की काम चालू असताना कुलूप निघाले आणि परत लावले, तर ते आपोआप गेस्टकडे परतेलच याची खात्री नसते. म्हणून ते संगणकाच्या मागच्या बाजूच्या पोर्टमध्ये लावावे आणि तेथेच राहू द्यावे.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचात डिस्क टू व्हीएचडी नावाचे छोटे साधन आहे. ते चालू विंडोजमधूनच सगळ्या डिस्कची व्हीएचडीएक्स प्रतिमा, म्हणजे एका फाइलमधली हुबेहूब प्रत, बाहेरच्या डिस्कवर काढून देते. ती प्रतिमा लिनक्सवर आणून क्यूईएमयूच्या प्रतिमा-साधनाने क्यूकाऊ२ प्रकारात बदलावी आणि व्हर्ट-मॅनेजरमध्ये नवी व्हीएम करताना तयार डिस्क आयात करण्याचा पर्याय निवडावा.

शेवटचे बटण दाबण्याआधी तेथे स्थापनेपूर्वी मांडणी तपासण्याची एक छोटी चौकट असते, तिच्यावर खूण करावी. त्या पडद्यावर फर्मवेअर, म्हणजे व्हीएम सुरू करणारे पायाभूत सॉफ्टवेअर, निवडता येते, आणि एकदा व्हीएम तयार झाल्यावर व्हर्ट-मॅनेजर ते बदलू देत नाही. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीने विभागलेली असेल तर बायोस निवडावे, जीपीटी या नव्या पद्धतीने असेल तर यूईएफआय. हे उलटे झाले तर डिस्क निर्दोष असूनही व्हीएम काळ्या पडद्यावर थांबते आणि रूपांतर फसले असा समज होतो.

विंडोजच्या परवान्याचेही पाहून घ्यावे. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो; स्वतंत्रपणे विकत घेतलेला रिटेल परवाना हलवता येतो. स्थलांतरानंतर विंडोज पुन्हा सक्रिय करण्यास सांगते ते यामुळेच.

मांडवीतीर (पणजी)

महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेच्या अनुभवातून थोडी भर घालतो.

पहिले म्हणजे व्हर्चिओ, व्हीएमसाठीच बेतलेली उपकरणे जोडण्याची वेगवान पद्धत. विंडोज नव्याने बसवणाऱ्यांना हा अडथळा हमखास येतो. डिस्क व्हर्चिओ पद्धतीने जोडली की वेग चांगला मिळतो, पण विंडोजला ती ओळखताच येत नाही. स्थापनेच्या वेळी 'विंडोज कोठे बसवायची' या पडद्यावरची यादी रिकामी दिसते आणि नवखा माणूस तेथेच प्रयत्न सोडतो. फेडोरा प्रकल्पाकडून व्हर्चिओ-विन नावाची आयएसओ फाइल मिळते. ती व्हीएमला दुसरी सीडी म्हणून आधीच जोडून ठेवावी, त्या रिकाम्या यादीखालचे ड्रायव्हर घालण्याचे बटण दाबावे, सीडीवरील व्हायोस्टॉर या फोल्डरात आपल्या विंडोजच्या आवृत्तीचे आणि त्याखाली एएमडी६४ नावाचे उपफोल्डर निवडावे. प्रोसेसर इंटेलचा असला तरी हेच. क्षणभरात डिस्क यादीत उमटते.

दुसरे नेटवर्क. लिबव्हर्टचे मूळ नेटवर्क एनएटी प्रकारचे (गेस्ट होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जातो असे) असते आणि गेस्टला १९२.१६८.१२२ ने सुरू होणारा पत्ता देते. ते बंद पडले असेल तर व्हीएम सुरूच होत नाही. जोडणीच्या तपशिलात जाऊन ते चालू करावे आणि संगणकासोबत आपोआप सुरू होण्याची खूण करावी. पुष्कळ जण व्हीएमला घरच्या वायफायवर ब्रिजने, म्हणजे स्वतंत्र संगणकासारखे थेट, आणायला जातात आणि त्यात वेळ घालवतात. वायफाय राउटर फक्त त्याच्याशी रीतसर जोडणी झालेल्या मॅक पत्त्यांचीच (नेटवर्क कार्डांच्या ओळख-क्रमांकांचीच) वाहतूक स्वीकारतो. व्हीएमचा मॅक पत्ता त्याच्या लेखी अनोळखी असतो. ब्रिज हवाच असेल तर केबल लावावी. एनएटीमधूनही छपाई होते, मात्र प्रिंटर आपोआप सापडत नाही. त्याचा आयपी पत्ता हाताने द्यावा लागतो.

तिसरे प्रयोगशाळेसाठी. एकच पायाभूत क्यूकाऊ२ प्रतिमा ठेवून प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तिच्यावर आधारलेली छोटी प्रतिमा करता येते, जिच्यात फक्त त्याने केलेले बदल साठतात. त्यामुळे जागा पुष्कळ वाचते. पण पायाभूत प्रतिमेला त्यानंतर कधीही हात लावायचा नाही. ती चालू करून एखादे अद्यतन जरी केले, तरी तिच्यावर आधारलेल्या सगळ्या प्रतिमा बिघडतात. आम्ही तिला फक्त-वाचनाची परवानगी देऊन ठेवतो.

बॉक्सेसमध्ये केलेली व्हीएम व्हर्ट-मॅनेजरमध्ये दिसत नाही, अशी शंका विद्यार्थी नेहमी विचारतात. बॉक्सेस वापरकर्त्याच्या स्वतःच्या सत्रात व्हीएम चालवते आणि तिची प्रतिमा घरच्या फोल्डरात ठेवते. व्हर्ट-मॅनेजर मुळात संपूर्ण संगणकाच्या पातळीवरच्या व्हीएम दाखवते. त्यात वापरकर्ता-सत्राची जोडणी वाढवली की दोन्ही दिसतात.

साष्टीचे शेत (मडगाव)

व्हीएमवेअर वर्कस्टेशन आता फुकट झाले आहे असे ऐकतो. मग ते का घेऊ नये?

झुआरीकाठ (वास्को)

ते खरे आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतले. मे २०२४ मध्ये वर्कस्टेशन प्रो व्यक्तिगत वापरासाठी आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून व्यावसायिक वापरासाठीही विनामूल्य झाले. विंडोज गेस्टमधील त्रिमितीय चित्रांचा वेग हे त्याचे बलस्थान आहे आणि तेथे ते केव्हीएमच्या पुढे आहे. ज्यांना गेस्टमध्ये आराखड्यांचे सॉफ्टवेअर चालवायचे आहे त्यांनी ते जरूर करून पाहावे. पण धाग्याच्या आरंभी सांगितलेला मुद्दा त्याला अधिकच लागू पडतो : त्याचे कर्नलमधील तुकडे नव्या कर्नलवर बऱ्याचदा जुळत नाहीत आणि इतरांनी केलेल्या दुरुस्त्या शोधून लावाव्या लागतात. उबुंटूची दीर्घ मुदतीची आवृत्ती घेऊन तिच्या मूळ कर्नलवरच राहण्याची तयारी असेल, तर हा त्रास खूप कमी होतो.

अंत्रुजवासी (फोंडा)

आता सांभाळण्याविषयी. माझ्या मते हा भाग निवडीपेक्षाही महत्त्वाचा आहे आणि त्याविषयी फार कमी लिहिले जाते.

आपल्याकडे मृगापासून चतुर्थीपर्यंत वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. वारा सुटला, फांदी तारेवर पडली की सगळा वाडा अंधारात. व्हीएम चालू असताना वीज गेली तर दोन फाइल-व्यवस्थांना एकाच वेळी धक्का बसतो, होस्टच्या आणि गेस्टच्या. म्हणून व्हीएमच्या संगणकाला यूपीएस हवाच, आणि त्याची यूएसबी केबल संगणकाला लावून एनयूटी हे सॉफ्टवेअर बसवावे, म्हणजे बॅटरी संपत आली की होस्ट स्वतःहून बंद होतो. होस्ट बंद होताना गेस्टचे काय करायचे हे लिबव्हर्ट-गेस्ट्स या सेवेच्या मांडणीत ठरवता येते : एक तर गेस्टला रीतसर बंद होण्याचा निरोप द्यायचा, किंवा त्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवायची. मी पहिला पर्याय सुचवतो आणि त्यासाठी पुरेसा अवधी द्यावा असेही सांगतो, कारण विंडोज नेमकी त्याच वेळी अद्यतने बसवत बसलेली असू शकते.

डिस्कच्या कॅशचा पर्याय वेगासाठी 'असुरक्षित' या प्रकारावर ठेवावा असा सल्ला काही ठिकाणी वाचायला मिळतो. त्या पर्यायात गेस्टने 'हे आता डिस्कवर पक्के लिही' असे सांगितले तरी क्यूईएमयू ते मनावर घेत नाही. पावसाळ्यातील विजेचा विचार करता कामाच्या व्हीएमसाठी तो कधीही निवडू नये. मूळ पर्याय पुरेसा वेगवान आणि सुरक्षित आहे.

स्नॅपशॉट आणि बॅकअप यांची गल्लत करू नये. स्नॅपशॉट मोठे अद्यतन करण्याआधी घ्यावा, सगळे ठीक आहे असे पाहून काढून टाकावा. तो मूळ प्रतिमेच्या शेजारी, त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की दोन्ही जातात. शिवाय यूईएफआय असलेल्या व्हीएमचे अंतर्गत स्नॅपशॉट लिबव्हर्टच्या जुन्या आवृत्त्या नाकारतात.

बॅकअपसाठी व्हीएम पूर्ण बंद करून तिची प्रतिमा बाहेरच्या डिस्कवर न्यावी. प्रतिमा साधारणपणे व्हार-लिब-लिबव्हर्ट या वाटेवरील इमेजेस फोल्डरात असते. पण तेवढ्याने भागत नाही. व्हीएमची व्याख्या वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये असते, ती व्हर्श या आज्ञेने काढून सोबत ठेवावी. यूईएफआय असेल तर त्याच लिबव्हर्ट फोल्डराच्या आत एनव्हीरॅमची, म्हणजे फर्मवेअरच्या मांडणीची, छोटी फाइल असते. विंडोज ११ असेल तर आभासी टीपीएमची, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या सुरक्षा-चिपची, स्थितीही असते; ती नसताना बिटलॉकर या विंडोजच्या सोयीने कुलूपबंद केलेली डिस्क परत आणली, तर विंडोज रिकव्हरी किल्ली मागते आणि ती जवळ नसेल तर सगळा बॅकअप निरुपयोगी ठरतो. बॅकअप वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा.

क्यूकाऊ२ प्रतिमा वाढत जाते, आपोआप आटत नाही. गेस्टमध्ये फाइल पुसल्या तरी होस्टवरची जागा अडकलेलीच राहते. डिस्कच्या तपशिलात डिस्कार्डचा पर्याय अनमॅप असा ठेवला, की विंडोजमधील ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याची नेहमीची क्रिया ती जागा होस्टला परत देते. फेडोरा वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : तेथे २०२० पासून डेस्कटॉप आवृत्तीत बीटीआरएफएस ही फाइल-व्यवस्था मूळ म्हणून येते, आणि तिच्यावर व्हीएमच्या प्रतिमा विखुरतात. प्रतिमा ठेवायच्या रिकाम्या फोल्डरावर कॉपी-ऑन-राइट (प्रत्येक बदल नव्या जागी लिहिण्याची पद्धत) बंद करावे. नवे लिबव्हर्ट आपल्या फोल्डरासाठी हे स्वतः करते, तुम्ही दुसरा फोल्डर निवडला असेल तर खात्री करून घ्यावी.

कुळागर (डिचोली)

सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केले. आमची डिस्क एमबीआर होती, म्हणून बायोस निवडले. डिस्क सुरुवातीपासून व्हर्चिओने जोडल्यावर विंडोज निळ्या पडद्यावर थांबली. जोडणी साटा या डिस्कच्या नेहमीच्या पद्धतीची केल्यावर सुरू झाली. परवाना वेगळा विकत घेतलेला होता, त्यामुळे सक्रिय करण्यास अडचण आली नाही. कुलूप दिसते, जुनी स्मरणिका उघडली, काने-मात्रे सगळे जागच्या जागी आहेत. आमच्याकडचे जुने काम कायमचे बंद होईल अशी जी धास्ती होती ती गेली, याबद्दल या धाग्यावरील सर्वांची ऋणी आहे.

आता दोनच शंका. साटावरच राहू द्यावे का? आणि गेस्टमधील विंडोज १० ला अद्यतने मिळत नाहीत, तर व्हीएममध्ये असल्यामुळे ती सुरक्षित आहे असे समजावे का?

मांडवीतीर (पणजी)

साटाविषयी सांगतो. हवे असल्यास व्हर्चिओवर जाता येते. विंडोज रीतसर बंद करा, एक जीबीची रिकामी दुसरी डिस्क व्हर्चिओ पद्धतीने जोडा, विंडोज सुरू करून व्हर्चिओ-विन सीडीवरील ड्रायव्हर बसवा. ती रिकामी डिस्क दिसू लागली याचा अर्थ ड्रायव्हर कामाला लागला. मग बंद करून मुख्य डिस्क साटावरून व्हर्चिओवर न्या आणि रिकामी डिस्क काढून टाका. करण्यापूर्वी प्रतिमेची एक प्रत मात्र ठेवावी. अक्षरजुळणीपुरता वेग साटावरही पुरत असेल तर न केलेलेही चालेल.

अंत्रुजवासी (फोंडा)

कुळागरताई, हे वाचून फार समाधान वाटले. दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे 'नाही' असे आहे. व्हीएममधील विंडोजला इंटरनेट असेल, तर तिच्यावर होणारा हल्ला साध्या संगणकावरील विंडोजसारखाच होतो, आणि एनएटीमधून तिला तुमच्या कार्यालयातील इतर यंत्रांपर्यंतही पोचता येते. मायक्रोसॉफ्टची घरगुती ग्राहकांसाठीची वाढीव अद्यतन-योजना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, तेव्हा तिच्यावर दीर्घकाळ विसंबता येणार नाही.

तुमच्या सॉफ्टवेअरला कुलूप लागते, इंटरनेट लागत नाही. म्हणून व्हीएमच्या तपशिलातून नेटवर्क कार्डच काढून टाकावे. फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी व्हर्चिओ-एफएस वापरून होस्टवरील एकच फोल्डर गेस्टला दाखवावा. त्यासाठी विंडोजमध्ये विनएफएसपी हे सॉफ्टवेअर आणि व्हर्चिओ-विन सीडीवरील सेवा, अशा दोन गोष्टी बसवाव्या लागतात, आणि व्हीएमच्या मेमरीच्या तपशिलात सामायिक स्मरणाची खूण करावी लागते. सॉफ्टवेअरमधून पीडीएफ त्या फोल्डरात काढावी आणि प्रत्यक्ष छपाई लिनक्सवरून करावी. असे केले की गेस्टमध्ये प्रिंटरचा ड्रायव्हरही लागत नाही. पीडीएफ काढताना फॉन्ट आत समाविष्ट करण्याचा पर्याय चालू आहे ना, तेवढे एकदा पाहून घ्या, कारण ते जुने फॉन्ट होस्टवर नसतील आणि समाविष्ट केले नाहीत तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे छापली जातील.